पोटरीच्या स्नायूची दुखापत : वेदना थांबल्यानंतरचे उपचार

आरोग्यशिक्षण हे रुग्णसेवेचेच एक अंग आहे. या भूमिकेतून प्रस्तुत लेखासाठी निवडलेला विषय वरकरणी किरकोळ वाटेल. पोटरीचा स्नायू ताणला जाणे किंवा फाटणे ही जिवावर बेतणारी व्याधी नव्हे. तथापि या दुखापतीने माणूस कित्येक आठवडे लंगडतो, कामावरील त्याच्या रजा संपतात आणि बरा झालो असे वाटत असतानाच तीच दुखापत पुन्हा उद्भवते. शिवाय पोटरी दुखण्यामागे क्वचित एखादा गंभीर आजार दडलेला असतो व तो ओळखण्यात झालेली चूक महागात पडू शकते. म्हणून हा विषय सविस्तर समजावून घेणे अगत्याचे आहे.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. पंचेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आहेत. आठवडाभर त्यांचे बैठे काम असते आणि रविवारी सकाळी ते वसाहतीच्या आवारात मुलांबरोबर बॅडमिंटन खेळतात. जाळीजवळ पडणारे फूल घेण्यासाठी ते एकदम पुढे झेपावतात आणि पोटरीवर मागून कोणी काठी मारल्यासारखे त्यांना वाटते. वळून पाहावे, तर मागे कोणीच नसते. पाय टेकवत नाही. संध्याकाळपर्यंत पोटरी सुजते, दोन-तीन दिवसांत घोट्याकडे काळे-निळे डाग उतरतात. दोन आठवडे विश्रांती घेतल्यावर वेदना थांबतात. तिसऱ्या आठवड्यात लोकल पकडण्यासाठी ते चार पावले धावतात आणि त्याच जागी पुन्हा तशीच कळ येते.

या गृहस्थांचे कोठे चुकले? विश्रांती त्यांनी घेतली होती, औषधेही घेतली होती. वेदना थांबल्या म्हणजे स्नायू बरा झाला, असे मात्र त्यांनी गृहीत धरले. वेदना शमणे आणि स्नायूची ताकद परत येणे या दोन वेगळ्या घटना असून पहिली दुसरीच्या बऱ्याच अगोदर घडते. या दोहोंमधील काळ कसा घालवावा, हाच या पाठाचा मुख्य विषय आहे.

पोटरीची रचना

पोटरीत प्रामुख्याने दोन स्नायू असतात. त्वचेलगत असणारा व पोटरीला तिचा फुगीर आकार देणारा स्नायू म्हणजे गॅस्ट्रॉक्नेमियस. त्याची दोन मुळे मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून, गुडघ्याच्या लवणीच्या आतील व बाहेरील बाजूंनी निघतात. त्याच्याखाली सोलियस नावाचा रुंद व चपटा स्नायू असतो. तो गुडघ्याच्या खाली, पायाच्या दोन्ही हाडांच्या मागील भागापासून निघतो. हे दोन्ही स्नायू खाली एकत्र येऊन अकिलीस नावाची जाड कंडरा बनते व ती टाचेच्या हाडाला घट्ट चिकटलेली असते. यांच्या जोडीला प्लँटारिस नावाचा एक लहानसा स्नायू असून त्याची कंडरा दोऱ्यासारखी लांब व बारीक असते.

टाच उचलणे, चवड्यावर उभे राहणे, चालताना शरीर पुढे ढकलणे, जिना चढणे, उडी मारणे ही सर्व कामे या स्नायूंची. गॅस्ट्रॉक्नेमियस गुडघा व घोटा असे दोन सांधे ओलांडतो, तर सोलियस केवळ घोटा ओलांडतो. त्यामुळे गुडघा सरळ असताना गॅस्ट्रॉक्नेमियसवर ताण येतो. गुडघा वाकवला की तो सैल पडतो व कामाचा मोठा वाटा सोलियसकडे जातो. पुढे सांगितलेले व्यायाम गुडघा सरळ ठेवून व वाकवून अशा दोन्ही प्रकारे का करावयाचे, याचे उत्तर या रचनेत आहे.

पोटरीचे आणखी एक कार्य म्हणजे रक्ताभिसरणास साह्य. पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा पायातील अशुद्ध रक्त नीलांमधून वर, हृदयाच्या दिशेने ढकलले जाते. म्हणूनच पोटरीला दुसरे हृदय असे म्हटले जाते. पाय दीर्घकाळ निश्चल ठेवणे का हितावह नाही, हेही यावरून ध्यानात येईल.

दुखापत कशी होते?

गुडघा सरळ असताना व पाऊल वरच्या बाजूस वाकलेले असताना पोटरीचा स्नायू ताणलेला असतो. अशा स्थितीत तो एकाएकी जोराने आकुंचन पावला, तर त्याचे तंतू तुटतात. झेपावणे, एकदम धाव घेणे, पायरी चुकणे, मोटारसायकलला जोराने किक मारणे, ही याची नित्याची कारणे. गॅस्ट्रॉक्नेमियसची आतील बाजू, विशेषतः स्नायू व कंडरा जेथे जुळतात ती जागा, सर्वाधिक वेळा जायबंदी होते. सोलियसची दुखापत मात्र पुष्कळदा हळूहळू जाणवते. लांब अंतर धावणाऱ्यांना पोटरीच्या खोल भागात ताठरपणा वाटू लागतो व तो दिवसेंदिवस वाढत जातो.

या दुखापतीचे वर्णन १८८३ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ‘लॉन टेनिस लेग’ या नावाने झाले. पुढे दीर्घकाळ असा समज होता की, यात प्लँटारिसची बारीक कंडरा तुटते. सोनोग्राफीच्या आगमनानंतर हा समज मागे पडला. २००२ साली ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा १४१ रुग्णांची सोनोग्राफी केलेली होती. त्यांपैकी ९४ जणांमध्ये गॅस्ट्रॉक्नेमियसची आतील बाजू अंशतः फाटलेली आढळली. प्लँटारिसची कंडरा केवळ दोघांमध्ये तुटलेली होती. मात्र या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. १४ रुग्णांमध्ये स्नायूला इजा मुळी झालेलीच नव्हती. त्यांच्या पायातील खोल नीलेत रक्ताची गुठळी झालेली होती.

प्रत्येक पोटरीदुखी स्नायूची नसते

वरील आकड्याचा बोध असा की, पोटरी दुखू लागताच मालीश करणाऱ्याला बोलावणे धोक्याचे आहे. नीलेतील गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतू शकते. पुढील परिस्थितीत विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

१) कोणतीही झेप, धाव वा लचक हे निमित्त नसताना पोटरी दुखू लागली, पाय सर्वत्र सुजला, गरम वा लालसर झाला. अलीकडे शस्त्रक्रिया, दीर्घ अंथरूण, प्लॅस्टर, लांबचा प्रवास, बाळंतपण झालेले असल्यास किंवा गरोदरपण, कर्करोग असल्यास व संततिप्रतिबंधक गोळ्या चालू असल्यास संशय अधिक बळावतो. जोडीला धाप लागणे, छातीत दुखणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे ही लक्षणे दिसली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

२) टाचेच्या वर फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, तेथे बोटाला खळगा लागतो आणि त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नाही. ही अकिलीस कंडरा तुटल्याची लक्षणे होत. अशा वेळी डॉक्टर रुग्णास पालथे झोपवून पोटरी दाबून पाहतात. कंडरा शाबूत असल्यास पाऊल हलते. पूर्ण तुटली असल्यास ते बहुधा हलत नाही.

३) वेदना तासागणिक वाढत आहेत, पोटरी दगडासारखी कडक झाली आहे, बोटांना बधिरता येत आहे. स्नायूंच्या आवरणात दाब वाढल्याचे हे चिन्ह असू शकते व त्यास तातडीची शस्त्रक्रिया लागते.

४) ठरावीक अंतर चालल्यावरच पोटऱ्या दुखतात आणि थांबले की बरे वाटते. धूम्रपान करणाऱ्या व मधुमेही व्यक्तींमध्ये हे रोहिणी अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते.

दुखापतीच्या पायऱ्या

सोयीसाठी दुखापतीचे तीन प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात थोडेच तंतू तुटतात. दुखते, पण चालता येते. असे रुग्ण साधारणतः एक ते तीन आठवड्यांत पूर्ववत होतात. दुसऱ्या प्रकारात स्नायू अंशतः फाटतो. सूज व काळे-निळे डाग येतात, लंगडावे लागते आणि चार ते आठ आठवडे लागू शकतात. तिसऱ्या प्रकारात स्नायू पूर्णतः किंवा जवळजवळ पूर्णतः फाटतो व बरे होण्यास तीन-चार महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज भासत नाही. हा कालावधी केवळ अंदाजासाठी आहे. पुढची पायरी चढावी की नाही, हे दिनदर्शिकेने नव्हे, तर स्नायूच्या क्षमतेने ठरवावयाचे असते.

जखम भरते कशी?

फाटलेल्या जागी प्रथम रक्त साचते व दाह होतो. पहिल्या काही दिवसांत शरीरातील पेशी मृत तंतूंचा निचरा करतात. त्यानंतर दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. स्नायूतील राखीव पेशी नवे तंतू घडवू लागतात आणि मधल्या फटीत चिवट जोडऊती तयार होऊन व्रण बनतो. पहिले सुमारे दहा दिवस हा व्रण हीच स्नायूतील सर्वांत दुर्बल जागा असते. या काळात जोराचा ताण दिल्यास स्नायू तेथेच उसवतो. त्यानंतर व्रण बळकट होत जातो. परंतु नव्या तंतूंची रांग नीट लागण्यासाठी त्यांना ताणाची दिशा कळावी लागते. योग्य मापाचा ताण मिळाला, तर तंतू ओळीने जुळतात. अजिबात मिळाला नाही, तर स्नायू कृश होतो. थोडक्यात, ताण अकाली व अति झाला तरी अपाय आणि मुळीच नसला तरी अपाय.

पहिले तीन दिवस

१९७८ साली अमेरिकेतील डॉ. गेब मिर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब व उंची ही चतुःसूत्री रूढ केली. ती जगभर पसरली. पुढे मिर्किन यांनी स्वतःच बर्फ व संपूर्ण विश्रांती यांविषयी फेरविचार मांडला. आज बर्फाकडे वेदनाशामक म्हणूनच पाहिले जाते. त्याने जखम लवकर भरते असे सिद्ध झालेले नाही.

या काळात पायावर भार झेपेल तेवढाच द्यावा. लंगडल्याशिवाय चालता येत नसेल, तर काठी वा कुबडी घेण्यात कमीपणा मानू नये. चवड्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत क्रेप बँडेज बांधावे. बोटे गार वा बधिर झाल्यास ते सैल करावे. निजताना पायाखाली दोन उश्या घ्याव्यात. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा ते पंधरा मिनिटे ठेवावा; मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी तो टाळावा. दोन्ही पादत्राणांत टाचेखाली सुमारे एक सेंटिमीटर जाडीची गादी घातल्यास पोटरीवरील ताण कमी होतो. सपाट रबरी चपला व घरात अनवाणी चालणे काही दिवस बंद ठेवावे.

गरम पाण्याचा शेक, मालीश, मद्यपान आणि पोटरी ताणून पाहणे या चार गोष्टी पहिले काही दिवस वर्ज्य होत. वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार, जठरव्रण किंवा रक्त पातळ करण्याचे औषध चालू असल्यास हे विशेष पाळावे. बसल्या बसल्या पावलाची बोटे व घोटा वेदना न होईल इतपत हलवीत राहावे; त्याने रक्ताभिसरण चालू राहते.

लवकर सुरुवात का करावी?

‘दुखते आहे तोवर पडून राहा’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. मांडीच्या किंवा पोटरीच्या स्नायूला मोठी दुखापत झालेल्या ५० हौशी खेळाडूंचे त्यांनी दोन गट केले. एका गटाचे पुनर्वसन दुखापतीनंतर दोन दिवसांनी, तर दुसऱ्याचे नऊ दिवसांनी सुरू झाले. पहिला गट मध्यमानाने ६२.५ दिवसांत वेदनारहित होऊन खेळाकडे परतला; दुसऱ्याला ८३ दिवस लागले. सुरुवातीचा एक आठवडा वाया गेल्याने शेवटी तीन आठवडे अधिक लागले, असे म्हणता येईल. मात्र ‘लवकर’ याचा अर्थ ‘जोराने’ असा नव्हे. हे पुनर्वसन अगदी सौम्य हालचालींपासून, टप्प्याटप्प्याने वाढविलेले होते.

व्यायामाचे टप्पे

पुढील क्रम मार्गदर्शनासाठी आहे. प्रत्यक्षात भौतिकोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने त्यात बदल करावेत. सर्व टप्प्यांना एकच कसोटी लावावी. शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य वेदना असे मानल्यास व्यायामाच्या वेळी वेदना तीनच्या पुढे जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाढलेल्या असू नयेत. वाढल्यास एक पायरी मागे यावे.

पहिला टप्पा : पाय लांब करून बसावे. चवड्याभोवती पंचा किंवा ओढणी अडकवून टोके हातात धरावीत व पाऊल हळूच खाली दाबावे. पाच सेकंद दाब ठेवून सोडावा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. त्यानंतर खुर्चीवर बसून दोन्ही टाचा उचलाव्यात. याच काळात लहान पावलांनी, पण न लंगडता चालण्याचा सराव करावा.

दुसरा टप्पा : न लंगडता चालता येऊ लागले की, भिंतीचा वा कठड्याचा आधार घेऊन दोन्ही पायांवर उभे राहून टाचा उचलाव्यात. वर जाण्यास दोन सेकंद व खाली येण्यास तीन सेकंद द्यावेत. खाली येतानाची संथ गती महत्त्वाची आहे, कारण लांबत असतानाच स्नायूला अधिक भार पेलावा लागतो. हा व्यायाम प्रथम गुडघे सरळ ठेवून व नंतर किंचित वाकवून करावा. पोटरीचा हलका ताण याच टप्प्यात सुरू करावा.

तिसरा टप्पा : दोन्ही पायांवर वर जावे व दुखऱ्या एका पायावर खाली यावे. हे जमले की एकाच पायावर टाच उचलावी. सलग वीस ते पंचवीस वेळा, चांगल्या पायाइतक्याच उंचीपर्यंत टाच उचलता येणे हे उद्दिष्ट होय. पुढे हातात वजन किंवा पाठीवर पिशवी घेऊन भार वाढवावा.

चौथा टप्पा : अर्धा तास भरभर चालूनही त्रास होत नसेल, तर जागच्या जागी दोन पायांवर व मग एका पायावर हलक्या उड्या माराव्यात. त्यानंतर एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे असा क्रम एक दिवसाआड ठेवावा आणि धावण्याचा वाटा हळूहळू वाढवावा. वेग, चढ आणि एकदम दिशा बदलणे या गोष्टी सर्वांत शेवटी याव्यात.

दुसऱ्या टप्प्याच्या सुमारास बहुतेक रुग्णांच्या दैनंदिन वेदना थांबतात आणि तिथेच पुष्कळांचा व्यायामही थांबतो. आरंभी उल्लेखिलेल्या गृहस्थांना सपाट रस्त्यावर चालताना काही जाणवत नव्हते, कारण चालण्याला पोटरीची संपूर्ण ताकद लागत नाही. धावताना मात्र प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार या स्नायूंवर येतो. एका पायावर पाच वेळाही टाच उचलता येत नसताना ते लोकलमागे धावले. परीक्षा न देताच वरच्या वर्गात बसल्यासारखे ते झाले.

दैनंदिन व्यवहार

जिना चढताना पहिली पायरी चांगल्या पायाने, तर उतरताना दुखऱ्या पायाने घ्यावी. उकिडवे बसताना पोटरी दाबलीही जाते व ताणलीही जाते. म्हणून सुरुवातीचे दिवस कमोडचा किंवा उंच खुर्चीचा वापर करावा. आणीबाणीचा ब्रेक वेदनेशिवाय व पूर्ण जोराने दाबता येईपर्यंत वाहन चालवू नये. मोटारसायकलची किक मारणे सर्वांत शेवटी. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांनी, वाहकांनी, शिक्षकांनी, पोलिसांनी, शक्य असल्यास काही दिवस बैठे काम मागून घ्यावे. शेतकरी बंधूंनी ओल्या बांधावरून व नांगरटीतून चालताना विशेष काळजी घ्यावी.

पुन्हा होऊ नये म्हणून

वाढते वय आणि पूर्वी झालेली पोटरीची दुखापत ही या दुखापतीची दोन प्रमुख जोखमीची कारणे आहेत. यांपैकी एकही आपल्या हाती नाही. हाती आहे ती स्नायूची ताकद. म्हणून बरे झाल्यानंतरही आठवड्यातून दोनदा टाचा उचलण्याचा व्यायाम कित्येक महिने चालू ठेवावा. यास यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. भिंतीजवळची हातभर जागा पुरते. खेळण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे अंग गरम करावे. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनची तयारी असो, आषाढीची पायी वारी असो किंवा सुटीतील गडाची चढाई असो, सराव काही आठवडे अगोदर सुरू करून अंतर क्रमाक्रमाने वाढवावे.

उपसंहार

आपल्याकडे रुग्ण बहुधा एकच प्रश्न विचारतो, ‘डॉक्टर, किती दिवसांत बरे वाटेल?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण अपुरा आहे. त्याच्या जोडीला ‘माझा पाय पूर्वीइतके काम केव्हा करू शकेल व त्यासाठी मी काय करावे?’ हेही विचारले पाहिजे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर काळ देतो, दुसऱ्याचे उत्तर मात्र रुग्णाच्या स्वतःच्या प्रयत्नांवर अवलंबून असते. वेदना थांबल्याच्या दिवशी उपचारांचा पूर्वार्ध संपतो. उत्तरार्ध चिकाटीने पुरा करणारा रुग्ण त्याच तक्रारीसाठी पुन्हा रुग्णालयाची पायरी चढण्याची शक्यता पुष्कळच कमी होते.